सासऱ्यांच्या ट्रंकेतला शंख

गेल्या अंकात 'ग्लोरी ऑफ इंडिया' या खोल पाण्यातल्या शंखाबद्दल जेमतेम अर्धं पान लिहिलं होतं. शास्त्रीय नाव कोनस मिल्नेएडवर्ड्सी, म्हणजे शंकूच्या आकाराच्या 'कोन' शंखांपैकी एक. त्यावर एवढी पत्रं आली की या वेळचा सगळा स्तंभ त्याच्याच नावे करतो. आधी एक खुलासा. बऱ्याच जणांनी मला 'प्राध्यापक' लिहिलं आहे. मी प्राध्यापक नाही. रत्नागिरीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र विभागात ३१ वर्षं प्रयोगशाळा सहाय्यक होतो. शिकवायचं काम सरांचं. बेडकापासून शंखापर्यंत सगळं मांडायचं, मोजायचं, पुसायचं आणि परत कपाटात ठेवायचं, हे काम माझं. तेव्हा माझं ज्ञान कपाटातून आलेलं आहे, ते तेवढंच धरावं.

मुंबईच्या समुद्रात सापडलेल्या शंखाला 'ग्लोरी ऑफ इंडिया' म्हणायचं आणि शास्त्रीय नाव मात्र फ्रेंच माणसाचं. हा काय न्याय?
— एक निवृत्त बँक कर्मचारी, डोंबिवली

न्याय नाही, शर्यत आहे. पाच वर्षांनी हरलो.

फेलिक्स जुसोम हे फ्रेंच डॉक्टर. तांबडा समुद्र, एडन या बाजूला जाऊन शंख गोळा करायचा त्यांना नाद. त्यांनी १८९४ मध्ये या जातीचं वर्णन छापलं आणि तिला मिल्न-एडवर्ड्स यांचं नाव दिलं. आल्फाँस मिल्न-एडवर्ड्स तेव्हा पॅरिसच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाचे संचालक होते आणि स्वतः खोल समुद्राचे अभ्यासक. १८८० च्या दशकात फ्रेंच जहाजांवरून खोल पाण्यातले प्राणी वर काढण्याच्या मोहिमा त्यांनीच चालवल्या. म्हणजे खोल पाण्यातल्या शंखाला ते नाव अगदीच उपरं नाही.

आता आपल्याकडची बाजू. त्या काळी समुद्राच्या तळाशी तारायंत्राच्या केबल टाकलेल्या असत. इंडो-युरोपियन टेलिग्राफ खात्याचं 'पॅट्रिक स्टुअर्ट' नावाचं जहाज त्यांची देखभाल करायचं. त्या जहाजावर एफ. डब्ल्यू. टाउनसेंड नावाचे अधिकारी होते. इराणच्या आखातापासून अरबी समुद्रापर्यंत केबलच्या कामाला जाताना तळातून जे शंखशिंपले वर येतील ते हा माणूस जपून ठेवायचा आणि इंग्लंडला जेम्स कॉस्मो मेल्व्हिल आणि रॉबर्ट स्टँडन यांच्याकडे पाठवायचा. त्यातला एक उंच कळसाचा शंख, अरबी समुद्रात मुंबईच्या पश्चिमेला ४५ फॅदमांवर मिळालेला, त्या दोघांनी १८९९ मध्ये 'कोनस क्लायटोस्पायरा' म्हणून जाहीर केला. ग्रीक नाव आहे, अर्थ साधारण 'कीर्तिमान कळसाचा'. नाव ठेवावं तर असं! पण पुढे लक्षात आलं की जुसोम यांचा शंख आणि हा शंख एकच जात. नियम असा की जे नाव आधी छापलं ते राहतं. कीर्तिमान कळस गेला, फ्रेंच संचालक राहिले.

स्टँडन हे मँचेस्टरच्या संग्रहालयात सहाय्यक होते. या सगळ्या गोष्टीत मला जवळचा वाटणारा माणूस तो.

आणि हो, ४५ फॅदम म्हणजे आपल्या बंदरावरच्या भाषेत ४५ वाव. दोन्ही हात पसरले की दोरीची जेवढी लांबी होते तो एक वाव, सहा फूट धरा. मीटरमध्ये ८२ च्या आसपास. हा आकडा लक्षात ठेवा, पुढच्या पत्रात लागणार आहे.

मी हर्णैजवळ राहते. सासरे ट्रॉलरवर तांडेल होते, गेल्या पावसाळ्यात वारले. परवा त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली तेव्हा लुंगीत गुंडाळलेला एक शंख मिळाला. लांबी टेपने मोजली, ११ सेंटीमीटरच्या थोडी वर. पांढऱ्यावर विटकरी रंगाची तंबूंसारखी नक्षी आहे. तुमचा लेख वाचून चार फोटो पाठवते आहे. एकाने फोनवर लाख रुपये देतो म्हटलं, फक्त 'कागदबिगद नको' म्हणाला. हा तोच शंख आहे का? विकावा का? खोबरेल लावलं की छान चमकतो. धाकटे दीर म्हणतात ॲसिडात बुडवला की नव्यासारखा होईल.
— एक वाचक भगिनी, दापोली तालुका

ताई, आधी दिरांना थांबवा. बाकीचं नंतर.

शंख म्हणजे चुनाच. कॅल्शियम कार्बोनेट. आमच्याकडे दर वर्षी पहिल्या प्रॅक्टिकलला मी फुटक्या शिंपल्याचा तुकडा परीक्षानळीत टाकून वर चार थेंब हायड्रोक्लोरिक ॲसिड सोडायचो. फसफसून बुडबुडे येतात, मुलं खूश होतात, आणि तुकडा घटत जातो. संडास धुवायच्या बाटलीत तेच ॲसिड असतं. त्यात बुडवलेला शंख पहिल्या मिनिटाला चमकतो हे खरं, कारण त्याची वरची कातडी गेलेली असते. नक्षीची बारीक रेघ त्या कातडीतच असते. खोबरेलही नको. ते खवट होतं, धूळ धरतं आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात त्यावर बुरशी चढते. साधं पाणी, जुना मऊ टूथब्रश, सावलीत वाळवणं. झालं.

पण थांबा, धुण्याच्याही आधी एक काम करा. पांढरा कागद घ्या, त्यावर शंख तोंड खाली करून धरा आणि बोटाने हलकेच टकटक करा. तासाभराने शंख फिरवून पुन्हा तेच करा. आतल्या वळणात अडकलेली वाळू, चिखल, काहीही बाहेर पडलं तर ते कागदाच्या पुडीत बांधून ठेवा. चिमूटभर का असेना. त्या चिमटीत कधीकधी साखरेच्या दाण्याहून लहान कवचं असतात, एकपेशीय जिवांची. कुठल्या तळावर शंख पडला होता, चिखलाच्या की वाळूच्या, हे त्यांच्यावरून जाणकाराला सांगता येतं. तुम्ही नळाखाली धरलात की ते सगळं मोरीत.

आता ओळख. हे लिहिताना माझ्या टेबलावर 'टेक्स्टाइल कोन' जातीचा शंख ठेवला आहे. कारण फसगत होते ती याच्याशीच. यावरही पांढरे तंबू असतात. पण हा बसका आहे, पोट सुटलेलं आणि कळस आखूड. तंबूंच्या मधल्या पिवळसर तपकिरी डागांमध्ये गडद नागमोडी रेघा उभ्या धावतात, जणू कोणी घाईघाईत सही केली आहे. तुमच्या पहिल्या फोटोत पोट सुटलेलं नाही. दोन्ही बाजू जवळजवळ सरळ, सडपातळ बांधा. तंबू मोठे, कडेला बारीक तपकिरी रेघ, आणि अंगावर दोन ठिकाणी विटकरी रंग दाट होऊन आडवे पट्टे उमटलेले.

खरी गंमत तिसऱ्या फोटोत आहे, ज्यात तुम्ही मुलाची फूटपट्टी शेजारी ठेवली आहे. (बरं केलंत. फोटोत मोजमाप नसेल तर मी उत्तरच देत नाही.) कळसाची उंची पट्टीवर जवळपास तीन सेंटीमीटर दिसते, म्हणजे एकूण लांबीच्या चौथ्या हिश्शाहून थोडी जास्तच. आणि कळस गुळगुळीत चढत नाही, पायऱ्यापायऱ्यांनी चढतो. प्रत्येक वेढ्याला धारदार कड, कडेच्या आत किंचित खोलगट उतार, मग पुढची पायरी. मेल्व्हिल आणि स्टँडन यांनी कीर्तिमान म्हटलेला कळस तो हाच. माझ्या मते शंख तोच आहे. पण फोटोवरून बोलणाऱ्या म्हाताऱ्याचं हे मत आहे. पक्की ओळख करायची तर भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आहे, त्यांच्याकडे हेच फोटो पाठवा.

तो जिवंत पकडलेला नसावा. तोंडाची कड एका जागी झिजून बोथट झाली आहे, आणि कळसाच्या तिसऱ्या पायरीवर टाचणीच्या टोकाएवढी भोकं आहेत. ती कवच पोखरणाऱ्या स्पंज नावाच्या समुद्री प्राण्याची. गोगलगाय मेल्यावर कवच तळाशी बराच काळ पडून असलं, किंवा एखाद्या खेकड्याने ते बिऱ्हाड म्हणून वापरलं, की अशा खुणा होतात. जिवंत आला असता तर वरून मळकट पिवळसर साल असते, ती खरवडावी लागली असती.

आज रात्री घरातले दिवे घालवा आणि मोबाइलचा टॉर्च शंखाच्या तोंडाशी धरा. कोनचा शंख आतून वेगळाच असतो. गोगलगाय वाढत जाते तशी ती आतल्या जुन्या भिंती विरघळवून पातळ करते आणि स्वतःला जागा करून घेते. सरांच्या सांगण्यावरून मी एकदा एक टेक्स्टाइल कोन पॉलिश पेपरवर घासून घासून मधोमध अर्धा केला होता. तीन दुपारी गेल्या. बाहेरची भिंत बोटाच्या नखापेक्षा जाड, आणि आतले वेढे कांद्याच्या पापुद्र्यासारखे. जागा कमी पडली की घरातल्या भिंती पाडणारे आपणच पहिले नव्हे.

विकायचं म्हणाल तर नाही. सरळ नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्टांत २००१ मध्ये शंखशिंपल्यांच्या २४ जाती घातल्या गेल्या आणि त्यातल्या नऊ पहिल्या परिशिष्टात. वाघ ज्या परिशिष्टात आहे तेच हे. तुमचा शंख त्या नऊ जणांत आहे, नॉटिलस आणि महाकाय शिंपल्यांच्या शेजारी. पहिल्या परिशिष्टातल्या प्राण्याच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षं कैद आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड किमान २५ हजार. फोनवरच्या माणसाला 'कागदबिगद' का नको, हे आता लक्षात आलं असेल.

मेलेला शंख, सासऱ्यांनी आणलेला, आमचा काय दोष, हे तुमच्या मनात येणार. कायद्यात वारशाची वेगळी तरतूद आहे. वारशाने आलेल्या अशा वस्तूची माहिती ९० दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांना द्यायची असते. मी वकील नाही. पण तुमच्या जागी असतो तर जवळच्या वन विभागाच्या कार्यालयात लेखी अर्ज दिला असता, ट्रंक कुठल्या तारखेला उघडली ते त्यात लिहिलं असतं आणि पोच घेतल्याशिवाय बाकावरून उठलो नसतो.

आणि त्या लाखाचा मोह धरू नका. परदेशात खोल पाण्यातल्या जाळ्यांमधून हा शंख आता पूर्वीपेक्षा पुष्कळ निघतो. दुर्मिळतेचं काही खरं नसतं. याचाच भाऊबंद 'ग्लोरी ऑफ द सी'. त्याचं वर्णन १७७७ मध्ये झालं आणि पुढची जवळजवळ दोनशे वर्षं तो जगातला सगळ्यात महाग शंख होता. न्यूयॉर्कच्या संग्रहालयातून १९५१ मध्ये एक चोरीला गेला, इतका! मग १९६९ मध्ये सॉलोमन बेटांजवळ गुआदालकनालला पाणबुड्यांना त्याचं राहतं ठिकाण सापडलं, शंभराहून जास्त शंख वर आले आणि भाव कोसळला. शंख तोच, नक्षी तीच.

तुमच्या शंखात माझा जीव अडकलाय तो दुसऱ्या कारणाने. तो नेमका कुठून आला?

माझी एक लाजिरवाणी गोष्ट सांगतो. आमचा विभाग नव्या इमारतीत हलवला तो जूनमध्ये. ती तारीख कोणी ठरवली ते विचारू नका. शंखांचे खण मी स्वतः बांधले होते. प्रत्येक शंखाबरोबर माझ्या हातची चिठ्ठी, चांगल्या अक्षरात, फाउंटन पेनाने. टेम्पोची ताडपत्री फाटकी निघाली. संध्याकाळी खण उघडले तर शंख ठणठणीत आणि चिठ्ठ्यांवर निळं आभाळ. २१२ शंख. त्यातल्या जवळजवळ सगळ्यांची जात मी पुढच्या महिन्याभरात पुस्तकं धरून पुन्हा लिहिली. पण मिरकरवाड्याचा कुठला, जयगडचा कुठला, कोणता उथळ पाण्यातला आणि कोणता ट्रॉलरने बाहेरून आणलेला, ते गेलं ते गेलंच. जात शंखाच्या अंगावर लिहिलेली असते, गाव नसतं. टाउनसेंडनी '४५ फॅदम' एवढं टिपून ठेवलं नसतं तर क्लायटोस्पायरा हा नुसता एक सुंदर शंख राहिला असता.

तर ताई, सासूबाईंशी बोला. घाई न करता, दुपारच्या चहाला. शंख घरी कधी आला? कोणाच्या लग्नाच्या आधी की नंतर, नारळी पौर्णिमेच्या पहिल्या फेरीला की शिमग्याच्या सुमाराला, बोट कोणाची होती? तारखा कोणाला आठवत नाहीत, लग्नं आठवतात. दुसरं, तांडेल माणसाच्या घरात डिझेल आणि बर्फाच्या हिशेबाची वही असतेच. ती रद्दीत गेली नसेल तर चाळा. माझ्या ओळखीचे एक तांडेल हिशेबाच्या कडेला त्या दिवशी जाळं किती वावांवर टाकलं ते लिहायचे, का तर पुढच्या वर्षी त्याच दिवसांत तिथे जायला बरं. तुमच्या सासऱ्यांनी इतके शंख जाळ्यातून झटकून समुद्रात टाकले असतील, आणि हा एकच लुंगीत गुंडाळून घरी आणला. ज्या माणसाने एवढं केलं त्याने कुठेतरी काहीतरी टिपलं असेल असं मला वाटतं. पान सापडलं तर त्याचा फोटो पाठवा. अक्षर लागलं नाही तरी पाठवा, ३१ वर्षं प्राध्यापकांची अक्षरं लावली आहेत.

आमच्याकडे आजोबांनी जमवलेले शंख नव्या लाकडी शोकेसमध्ये ठेवले. वर्षभरातच त्यांच्यावर पांढरी पूड दिसायला लागली, वास आंबूस येतो. सुताराने लाकूड उत्तम वापरलं आहे. हा कसला रोग?
— एक वाचक, पुणे

रोग म्हणणारे तुम्ही पहिले नाही. इंग्लंडमध्ये बाइन नावाच्या गृहस्थांनी नेमकं १८९९ मध्येच (हे साल शंखांना बरंच लाभलेलं दिसतं) यावर लेख लिहिला. त्यांना वाटलं की हा एका शंखावरून दुसऱ्यावर पसरणारा प्रकार आहे. म्हणून आजही त्याला 'बाइनचा रोग' म्हणतात. पण यात जंतू नाही. लाकूड, प्लायवूड, त्यातला डिंक, पुठ्ठा हे सगळे मंदपणे आम्लाची वाफ सोडत असतात, मुख्यतः व्हिनेगरमधलं असतं तेच ॲसेटिक आम्ल. बंद काचेच्या कपाटात ती वाफ कोंडते, पावसाळ्यात दमटपणा मदतीला येतो आणि शंखाच्या चुन्यावर हळूहळू क्षार तयार होतात. तीच तुमची पांढरी पूड. म्हणजे वरच्या पत्रातले दीर जे मिनिटात करणार होते ते तुमचं शोकेस वर्षभर करत आहे.

सुताराचा दोष नाही. चांगलं लाकूडही हेच करतं.

शंख बाहेर काढा. साध्या पाण्यात दिवसभर ठेवा, पाणी दोनदा बदला, ब्रशने पूड काढा आणि पूर्ण वाळू द्या. घाईने ओला ठेवलात तर पुन्हा तेच. ज्याची चमक गेली ती गेली, ती परत येत नाही. मग ठेवायचे ते पत्र्याच्या कपाटात, झाकणाच्या साध्या प्लास्टिक डब्यांत. कापूस, खोक्याचा पुठ्ठा आत घालू नका. शोकेसच हवं असेल तर मागच्या फळीला भोकं पाडून घ्या आणि पावसाळ्याचे चार महिने शंख बाहेर राहू द्या. डांबरगोळ्यांचा इथे काहीही उपयोग नाही. त्या कसरीसाठी, आणि कसर शंख खात नाही, चिठ्ठ्या खाते.

कोन जातीच्या गोगलगाई विषारी असतात असं वाचलं. माझ्या नातवाकडे असा रिकामा शंख आहे, काढून घेऊ का?
— एक आजी, सावंतवाडी

रिकामा असेल तर खुशाल खेळू द्या. विष कवचात नसतं, प्राण्यात असतं. जिवंत कोन मात्र कधीच उचलू नये, कुठल्याही जातीचा, कुठल्याही टोकाने. जाड बाजूने धरला की चावत नाही, असं बंदरावर सांगतात, ते चूक आहे. त्याची सोंड लांबते आणि मागेपर्यंत पोचते. सोंडेच्या टोकाला एक पोकळ दात असतो, काटेरी, भाल्यासारखा, आणि त्यातून विष जातं. 'जिऑग्राफी कोन' या जातीने माणसं मारलेली आहेत.

त्याच विषाचं औषधही झालं. कोनस मॅगस या जातीच्या विषातल्या एका घटकावरून बनवलेलं झिकोनोटाइड २००४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. इतर कशानेच न थांबणाऱ्या वेदनांवर ते मणक्यातल्या द्रवात थेट सोडतात. तुमच्या गुडघ्यांसाठी नाही, आजी. पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंच आहे म्हणून सांगितलं.

देवघरासाठी दक्षिणावर्ती शंख घेतला, ११ हजारांना. खरा कसा ओळखावा?
— एक वाचक, नाशिक

घेण्याच्या आधी विचारलं असतंत तर बरं झालं असतं. पूजेतला खरा शंख टर्बिनेला पायरम जातीचा, आणि त्यातला उलट्या वळणाचा, म्हणजे दक्षिणावर्ती, लाखात एखादा. त्याच्या तोंडातून आत पाहिलं तर मधल्या खांबावर तीन-चार ठळक आडव्या घड्या दिसतात. बाजारात त्या नावाखाली अमेरिकेजवळच्या समुद्रातला एक वेगळाच शंख विकतात. तो मुळातच तशा उलट्या वळणाचा असतो, तिकडे तो दुर्मिळ नाही, आणि त्याच्या खांबावर अशा घड्या नसतात. टॉर्च लावून बघा. घड्या नसल्या तरी पूजेत ठेवायला माझी काही हरकत नाही. देवाने किंमत विचारलेली मी तरी ऐकलेली नाही.

आम्ही ट्रॉलरवर असतो. गेल्या अंकातला फोटो बोटीवर सगळ्यांना दाखवला. दोघं म्हणतात असा शंख येतो कधीकधी. आला तर करायचं काय? आणायचा की टाकायचा?
— एक खलाशी, साखरीनाटे

टाकायचा. जिवंत असो की मेलेला. जिवंत असेल तर हाताने उचलू नका, वर आजींना का सांगितलं ते वाचा. फावड्याने किंवा टोपलीने सारा. कासव किंवा देवमासा सोडवताना जाळं कापावं लागलं तर भरपाई द्यायची राज्य सरकारची योजना आहे, शंखाला त्याची गरज पडत नाही. तो नुसता कडेवरून खाली जातो.

पण टाकण्याआधी अर्धं मिनिट द्या. डेकवर ठेवून मोबाइलने दोन फोटो काढा, एक तोंडाकडून आणि एक पाठीकडून, शेजारी काडेपेटी ठेवून. त्याच मोबाइलवर किंवा बोटीच्या जीपीएसवर आकडे दिसतात, त्या पडद्याचाही एक फोटो. किती वाव पाणी होतं ते तांडेलाला विचारा, तो खोली दाखवणाऱ्या इको साउंडरकडे न बघता सांगेल. मग हे सगळं हिशेबाच्या वहीत, डिझेलच्या खाली, एका ओळीत लिहून टाका. तारीख, वाव, चिखल की वाळू.

आणि पेन्सिलने लिहा. पेनाची शाई पाण्यात जाते.